एका दिवसाच्या पासवर लग्नाचं आमंत्रण

माझ्या लग्नाच्या नाशिकमधल्या पत्रिका शहर बसच्या एका दिवसाच्या पासवर वाटल्या गेल्या, हे मी आजही कुणालाही छाती फुगवून सांगते. सासरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "अगबाई, पासवर?" मी म्हटलं, "हो, पासवर. आणि वाटणारी माझी आई होती." त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा गेल्यापासून कळवणजवळच्या आमच्या गावात आई पिठाची गिरणी चालवते. त्या गिरणीवर मी शिकले, सातपूरला नोकरीला लागले, इंदिरानगरात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागले. लग्न ठरलं तेव्हा आईने पत्रिका छापून घेतली आणि खाली निमंत्रक म्हणून एकटं स्वतःचं नाव घातलं. झालं! माझ्या काकांच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाच्या, नाकाला मिरच्या झोंबल्या. काका गंगापूर रोडला राहतात, चांगला बंगला आहे, दारात गाडी आहे. त्यांनी आईला फोन केला. मी सुट्टीला घरीच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"वहिनी, आमंत्रण घरातल्या पुरुषाने द्यायचं असतं. आता दादा नाही म्हटल्यावर तो मान माझ्याकडे येतो. माझ्या नावाच्या पत्रिका छापू, मी गाडी काढतो आणि नाशिकमधली सगळी भाऊकी उरकून टाकतो. तुम्हाला दगदग नको."

"दगदग कसली? लेक माझी हाय, मीच देईल," आई म्हणाली.

"बघा बुवा. विधवा बाईने दिलेल्या आमंत्रणाला भाऊकी येत नाही. व्याह्यांसमोर आपल्या बाजूचा मांडव रिकामा दिसला, तर मग मला बोलू नका."

आईने फोन ठेवला आणि गिरणीत निघून गेली. मी इकडे नुसती धुमसत होते. काका वाईट माणूस नाही, बाबांच्या आजारपणात धावपळ त्यांनीच केली होती. पण त्यांचं बोलणं आईच्या जिव्हारी लागलं होतं, कारण ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे अशी माणसं आहेत. मांडव खरंच रिकामा राहिला असता तर आईला गावात मान वर करायला जागा उरली नसती.

त्यामुळे आईने ठरवलं की नाशिकच्या प्रत्येक घरी आपण स्वतः जायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पत्रिकेला आमच्याकडे कुणी पत्रिका म्हणत नाही. दारात जायचं, घरातल्या बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने "यायचं बरं का" म्हणायचं, तेव्हा कुठे ते आमंत्रण होतं.

आई एसटीने आली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे मोठ्या रुबाबात उतरली. हातात पत्रिकांची पिशवी आणि कुंकवाचा करंडा. उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "शहराच्या बसला काय पडतंय?"

मग त्या संध्याकाळी आम्ही दोघी पासचा विचार करत बसलो. भाऊकी शहरभर पसरलेली. पंचवटी, सातपूर, सिडको, इंदिरानगर आणि पार तिकडे नाशिकरोड. रिक्षाने फिरलो असतो तर मांडवाचे पैसे रिक्षातच गेले असते. माझ्याकडे महिन्याचा पास होता. आई म्हणाली, "तोच दे ना मला."

"आई, त्यावर माझा फोटो आहे."

"मग? तू माझ्यावरच गेलीस असं सगळे म्हणतात."

"तू सुद्धा ना! कंडक्टर उतरवून देईल भर रस्त्यात."

दर वेळी सुटं तिकीट काढणं महाग पडत होतं. दोन दिवस फिरायचं तर दिवसाचा पास दोनदा काढावा लागणार. म्हणजे सगळी घरं एकाच दिवसात बसवली तर एक दिवसाचा पास सगळ्यात स्वस्त, हे उघड होतं. मी मोबाइल काढला, बसच्या वेळा बघितल्या आणि असा मार्ग आखला की एकदाही उलटं फिरायला नको. सकाळी पंचवटी, मग सातपूर, सिडको, इंदिरानगर आणि शेवटी नाशिकरोड. कुठे किती मिनिटं थांबायचं, ते सुद्धा ठरवलं. आईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी अशी काही फुगले की विचारू नका. मोठी नियोजनवाली!

सकाळी पहिल्याच बसमध्ये आईने कंडक्टरकडून दिवसाचा पास घेतला आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. पंचवटीच्या पहिल्या घरी पोचलो आणि माझ्या नियोजनाचे तीन तेरा वाजले. मी बसच्या वेळा बघितल्या होत्या, पण चहा धरलाच नव्हता! पत्रिका हातात ठेवून कुणी "बरंय, येतो" म्हणून निघतं का? आधी पाणी, मग चहा, मग "पोहे टाकलेत, थांबा". मग नवऱ्या मुलाचा फोटो, तो काय करतो, किती शिकला, घरी शेती किती. वर मी स्वतःच समोर बसलेली. एक मावशी म्हणाली, "अगं, नवरीच पत्रिका वाटतेय! घाई झाली वाटतं पोरीला." मी लाजायच्या ऐवजी घड्याळ बघत होते. ठरवलेली बस डोळ्यांदेखत गेली, पुढचीही गेली.

सातपूरला वेगळाच प्रकार झाला. घर बाबांच्या चुलतभावाचं. आईने काकूंना कुंकू लावायला करंडा उघडला, तर काकू जरा मागे सरल्या. "गैरसमज नका करून घेऊ, वहिनी. पण करंडा पोरीकडे द्या. शुभकार्य आहे."

माझं डोकं असं सणकलं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने करंडा माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनीच गप्प केलं. मी कुंकू लावलं. मग आईने काकूंचा हात स्वतःच्या हातात घेतला, त्यावर अक्षता ठेवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीचं लग्न हाय. मी बोलवायला आले. तुम्ही सगळ्यांनी यायचं." काकू "हो हो" म्हणाल्या, पण चेहरा काही सांगत नव्हता. बाहेर येऊन मी म्हटलं, "तू ऐकून कसं घेतेस गं?" आई म्हणाली, "तिला बोलवायला आले होते, भांडायला नाय." बसमध्ये मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि पुढच्या घरापासून करंडा तिने आपणहून माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. ते मला जास्त लागलं.

सिडको झालं, इंदिरानगर झालं. सगळीकडे चहा. आई म्हणे, "आता पोटात नुसता चहा हिंदकळतोय." प्रत्येक घरी लोक गोड बोलले, पण "येतो" असं छातीठोकपणे कुणीच म्हणालं नाही. "बघू", "जमवतो", "नाशिकरोडची आत्या येतेय का?" हे शेवटचं तर जिथे जावं तिथे.

नाशिकरोडची आत्या म्हणजे बाबांची आत्या, माझी आत्याआजी. आमच्या भाऊकीत वयाने सगळ्यात मोठी. ती ज्या लग्नाला जाते तिथे सगळे जातात, ती रुसली की सगळ्यांना अचानक कामं निघतात. तिला मान पहिला. इंदिरानगरच्या घरातून निघताना तिथल्या वहिनीने विचारलं, "आत्यांना तर सकाळीच दिली असेल ना पत्रिका?"

आईचे पाय दारातच थबकले. मी घरं बसच्या मार्गाने लावली होती, मानाने नाही! नाशिकरोड टोकाला, म्हणून सगळ्यात शेवटी. आणि आई गिरणी, मांडव, स्वयंपाकी यांच्या घोरात, तिच्याही ध्यानात आलं नाही. सकाळपासून पत्रिका मिळालेल्या प्रत्येक घरातून आत्याआजीला फोन गेला असणार, यात तिळमात्र शंका नव्हती. आमची भाऊकी या बाबतीत भलतीच तत्पर.

द्वारका चौकात बस बदलली. तिथली कोंडी काय वर्णावी! बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी रडकुंडीला आले. "आई, रिक्षा करू का? चुकलंच माझं."

"रिक्षा काय उडून जाणार हाय का? बस गुपचूप," आई म्हणाली. पण पिशवीचे बंद तिने बोटांभोवती गच्च गुंडाळून घेतले होते.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. आत्याआजी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. नातसून पाणी घेऊन आली. आत्याआजीने आमच्याकडे बघितलं सुद्धा नाही. म्हणाली, "शिळी पत्रिका आणली वाटतं."

मी पुढे झाले. "आत्याआजी, चूक माझी आहे. मीच बसचा मार्ग तसा..."

"तू थांब. नवरीने मध्ये बोलू नये. काय गं सूनबाई? सकाळपासून चार जणांचे फोन आले. तुझ्या दिराचाही आला. म्हणे, वहिनी कुणाचं ऐकत नाही, मला मोडीत काढलं. त्याची गाडी नको आणि मी सगळ्यात शेवटी. असं कसं?"

मला वाटलं आता आई रडेल. रडली नाही. ती पलंगाजवळ खाली बसली. म्हणाली, "आत्याबाई, मान तुमचा पहिला. तो चुकला, पाया पडते. भाऊजींची गाडी घेतली असती तर सकाळी पहिली तुमच्याकडेच आले असते. पण मग आमंत्रण गाडीवाल्याचं झालं असतं. गिरणीवर पोर वाढवली, आत्याबाई. तिच्या लग्नाला बोलवायचं काम मी दुसऱ्याला नाय देऊ शकत. एका दिवसाचा पास स्वस्त पडत होता, तो काढला. त्यात सगळी घरं बसवताना तुमचं शेवटी गेलं."

"सगळीकडे बसने फिरलीस?"

"बसने."

"दाखव पास."

आईने ब्लाउजमधून कागद काढला. घामाने पार लिबलिबीत झालेला. आत्याआजीने चष्मा लावला, दिव्याखाली धरून कागद उलटसुलट बघितला. त्यावर काय वाचलं देव जाणे, अक्षरं तर पुसलेली होती. मग तो तिने जपून आईच्या हातात परत दिला आणि पाय खाली सोडून ताठ बसली.

"दे आमंत्रण," ती म्हणाली.

आईने पत्रिका काढली आणि सवयीने करंडा माझ्याकडे केला. आत्याआजी कडाडली, "ती कशाला? स्वतःच्याच लग्नाचं कुंकू लावत फिरतेय ती! तू लाव."

"आत्याबाई, मी..."

"मला माहितीय तू कोण. मी पण तीच आहे. मोकळं कपाळ आहे माझं कितीतरी वर्षं. लाव म्हणते ना."

आणि तिने कपाळ पुढे केलं. सातपूरपासून मागे ठेवलेलं आईचं बोट कुंकवात बुडालं आणि आत्याआजीच्या सुरकुतलेल्या कपाळावर टेकलं. आत्याआजीने करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं आणि आईलाही लावलं. नातसून दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी तर कधीपासून रडत होते. अशी माझी आई! एवढा अभिमान मला माझ्या पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता.

आत्याआजीला मात्र रडण्याबिडण्यात रस नव्हता. "फोन लाव त्याला," ती नातसुनेला म्हणाली. काकांनी उचलल्याबरोबर तिने सुरुवात केली.

"ऐक. मला लग्नाचं आमंत्रण पोचलंय. नवरीच्या आईने दिलं, अक्षता माझ्या हातात आहेत. मी जाणार आहे, आणि सातपूर-सिडकोच्या सगळ्यांना मी आत्ता फोन करून तसं सांगणार आहे. तुझं काय? तू येणार का परक्यासारखा घरी बसणार?"

तिने फोन आईच्या कानाला लावला. मी जवळ सरकले, तेव्हा काकांचा आवाज मलाही ऐकू आला.

"वहिनी," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "दादाच्या लेकीचं लग्न आहे. मला काहीतरी काम सांगा ना."

दिवसभराचं सगळं आई तेव्हा ऐकवू शकली असती. मी तिच्या जागी असते तर नक्की ऐकवलं असतं, आणि चांगलं मीठमिरची लावून. आईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मांडवाच्या दारात उभे राहा. येईल त्याला या म्हणा. बोलवलंय मी, पण दारात घरचं माणूस पाहिजे."