मामाचे सुळे

माझा मामा दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतो. बावीस वर्षं त्याचं काम लोकांच्या तोंडात आहे आणि कुणाला कळत नाही, हेच त्याचं कौशल्य. मग एका सिनेमावाल्याने त्याच्याकडून रक्तपिपासू नायकाचे सुळे करून घेतले. "आता माझं काम जग बघणार!" मामा घरभर सांगत सुटला.

पण हाताची सवय काही सुटेना. नायक तीनशे वर्षांचा, म्हणून मामाने सुळे पिवळट केले, टोकंही झिजवली.

पहिल्याच दिवशी आम्ही सगळे थिएटरात गेलो. नायक दोन तास खिडकीत उभा राहून नुसते उसासे टाकत होता. शेवटी एकदाचं तोंड उघडलं, तर आत कॉम्प्युटरवर काढलेले लखलखीत पांढरे सुळे!

"अगंबाई, किती छान केलेत हो!" मामी म्हणाली.

"माझे नाहीत ते. माझे खरे वाटतात."

"ओ काका, गप्प बसा की!" मागून कुणीतरी खेकसलं.

सोमवारी मामाने एका आजोबांना तशीच पांढरीशुभ्र कवळी करून दिली. मंगळवारी आजोबा ती परत घेऊन आले.

"अहो, ही सगळ्यांना दिसते!"