तीन महिन्यांची साखर

रक्त देण्याआधी मी आठ दिवस अभ्यास केला.

माझी बायको मेधा अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका लॅबमध्ये काम करते. तिथे नवं मशीन आलं आणि त्याच्यासाठी 'नॉर्मल' आकडे नव्याने ठरवायचे होते. त्याला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं आणि माणसं कमी पडत होती.

"मी आहे की!" मी छाती काढून म्हणालो. (दीड वर्षापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी मला "साखर वाढलीय, गोळ्या सुरू करा" असं बजावलं होतं. मी गोळ्या सुरू केल्या नव्हत्या आणि मेधाला सांगितलंही नव्हतं.)

फॉर्मवर 'काही आजार?' यापुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं आणि तयारीला लागलो. गोड बंद, भात बंद, सकाळी मेथीचं पाणी, संध्याकाळी बर्फातून फेऱ्या!

"अरे, हे काय चाललंय? आहे तसं रक्त हवंय आम्हाला," मेधा म्हणाली.

"तुझ्या लॅबच्या इज्जतीचा प्रश्न आहे," मी बूट चढवत म्हणालो.

रक्त दिलं, सुटलो. पुढच्या रविवारी जेवताना श्रीखंडाची तिसरी वाटी घेत होतो, तेवढ्यात मेधा म्हणाली, "एक सॅम्पल विचित्र आलंय. फास्टिंग शुगर ठीक, पण तीन महिन्यांची ॲव्हरेज प्रचंड हाय! कुणीतरी आठवडाभर डाएट करून आलाय. पण ही टेस्ट फसत नाही."

"कोण गं?" मी चमचा वाटीतच ठेवून विचारलं.

"आम्हाला फक्त नंबर दिसतो. उद्या डॉक्टर त्याला कॉल करतील. मला काळजी वाटते ती त्याच्या बायकोची. बिचारीला माहीतही नसेल."

मी वाटी बाजूला सारली. "नव्हतं माहीत तिला," मी म्हणालो. "आत्तापर्यंत."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती रडायला लागली. "माझे बाबा डायबिटीसनेच गेले ना रे! आणि तू माझ्यापासून लपवलंस?" इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि गोळ्या सुरू झाल्या.

महिन्याभराने लॅबचं काम पुरं झालं. आता तिथल्या प्रत्येक रिपोर्टवर नॉर्मल आकडे छापून येतात. ते अगदी बिनचूक आहेत, कारण त्यांत मी नाही!