वडिलांच्या पावलांचा आवाज

वडिलांचे तळपाय सपाट होते. चालताना गुडघे आत झुकायचे आणि पाऊल थपथप वाजायचं. तो आवाज गल्लीत ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची.

नवीन जालन्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन बुटात घालायला तळव्याला उचलून धरणारं सोल करून दिलं. सुरुवातीला वडिलांच्या पिंडऱ्या भलत्याच जागी दुखल्या. आजवर आराम करणारे स्नायू आता कामाला लागलेत, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू पाय सरळ पडू लागला, गुडघेदुखी कमी झाली आणि थपथपही गेली. आम्हाला कोण कौतुक. आई मात्र चिडली.

"चोरावानी येऊन राह्यले तुम्ही. चहा कधी ठेवायचा मी?"

दारात बूट काढून वडील अनवाणी आत आले, की फरशीवर पुन्हा तेच पाऊल वाजायचं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी घरातल्या चपलेसाठीही तसंच सोल घ्यायला सांगितलं.

"घरात नको," वडील शांतपणे म्हणाले. "मी कुठं हाये, ते हिला कळलं पाहिजे."