शमीम मॅडमनी माझं मला वाचून दाखवलं

शमीम मॅडम पहिल्यांदा आमच्या सोयगावकडच्या खेड्यात आल्या, तवा संगं विद्यापीठातली चार लेकरं अन अठरा पानांचा फारम होता. विधवा बायांच्या हक्कांचा अभ्यास म्हणे. मालक जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हणलं, "मॅडम, एवढे प्रश्न मला बघायला आले तवाबी कुणी इचारले नव्हते." पोरं गांगरली. मॅडम ओसरीवर मांडी घालून अशा हसल्या, का चहा पदरावर सांडला. आता त्यांची साठी हाय, अन गौरवग्रंथात मोठमोठ्या प्राध्यापकांच्या रांगेत मला बसवलंय. सोसा.

तवा माझ्या घरात एक कागद येऊन पडला होता. मालकांच्या घरावर माझा हक्क नाय, असं मी लिहून द्यायचं. धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, आणून ठेवलेला. "नुसती सही, वहिनी. राहा की जलमभर." सही केली तर कधीबी बाहेर, नाय केली तर भावकीत एकटी. हे मी त्या लेकरांना सांगितलं, बाकी कुणाला नाय.

मॅडमचा एक नेम हाय. ज्याचं लिहिलं, त्याला वाचून दाखवल्याबिगर ते पुढं जात नाय. विद्यापीठात हक्क एका इमारतीत शिकवतात, नाटक दुसरीत. मॅडमनी दोन्हीकडची पोरं एकत्र बसवून माझ्या बोलण्याचं नाटक केलं, अन तालीम बघायला मला संभाजीनगरला बोलावलं. बघते तर काय, माझं काम करणारी पोरगी पांढरं लुगडं नेसून नुसती रडतेय, अन दिराला ह्या एवढ्या मिशा!

म्हणलं, "पोरी, मी एवढी रडले असते तर सैपाक कुणी केला असता? अन आमचे भाऊजी मिशा ठेवत नाय. लई गोड बोलतात. रोज इचारतात, वहिनी, जेवलात का? म्हणून तर नाय म्हणवत नाय."

तालीम थांबली. मॅडम सगळ्यांपुढं म्हणल्या, "मीपण चुकले. जुलूम म्हटलं की मला मिशाच दिसतात." अन स्वतःची खुर्ची मला दिली. चार दिवस मी खुर्चीवर, पोरं खाली. मुक्काम मॅडमच्याच घरी. तिथं त्या माझ्यासाठी भाकरी थापायला बसल्या. तिसऱ्या भाकरीला मीच त्यांना उठवलं.

"मावशी, शेवटाला सही करायची का नाय?" पोरीनं इचारलं.

मॅडम म्हणल्या, "त्यांनी अजून ठरवलेलं नाही. आपण कोण ठरवणारे? आणि गावात खेळ करायचा की नाही, तेही त्याच सांगतील."

एक पोरगा कुरकुरला, "मॅडम, एवढी मेहनत?"

"मेहनत तुझी, घर त्यांचं."

आठ दिवसांनी मी फोन केला, या म्हणून.

शाळेपुढं खेळ झाला. भाऊजी पुढच्या रांगेत. नाटकातल्या दिरानं "वहिनी, जेवलात का?" म्हणलं, तसे सगळ्यात आधी हेच हसले. मग हळूहळू मान खाली गेली. पोरीनं पेन कागदावर टेकवलं अन थांबली. पुढचं कुणी लिहिलंच नव्हतं. मॅडम कडेला उभ्या, पण मला डोळ्यानंबी खुणावलं नाय. मी बायांतून उठले. म्हणलं, "पोरी, पेन ठेव खाली. मला सही करायची नाय."

घरावर नाव लावायचा अर्ज लेकरांनी लिहून दिला, पण ग्रामसभेत वाचला मी, मोठ्यानं. आज घराच्या उताऱ्यावर माझं नाव हाय. भाऊजी दोन महिने बोलले नाय. जिवाला लागलं, खोटं कशाला सांगू? त्या दिवसांत मॅडम सारख्या फोन करायच्या. अभ्यासाचं एक अक्षर नाय. "भाजी काय केली?" एवढंच. त्या एका प्रश्नावर माझे दिवस निघाले. ते उपकार मी चेष्टेवारी नेणार नाय.

मॅडम, तुम्ही आता रिटायर होताय. अल्ला तुम्हाला शंभरी देवो, गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. हारतुरे आटोपले का सोयगावची एसटी धरा. आठ दिवस राहा, महिना राहा. मला कुणाला इचारावं लागत नाय.