मागच्या चाकाखालचा ओलावा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गाडीच्या मागच्या उजव्या चाकाखाली ओलं दिसलं. नवरा म्हणाला, "अगं, नारळाचं पाणी आहे ते." त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आदल्या संध्याकाळी आमच्या शॉमबर्गच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत गाडीची पूजा झाली होती. गाडीचं तोंड गराजकडे, म्हणजे ती निघणार रिव्हर्समध्ये. म्हणून लिंबं मागच्या चाकांखाली आणि नारळही मागेच फोडलेला. इथल्या निम्म्या मराठी गाड्या असं उलट्या पावलांनी सीमोल्लंघन करतात.

पण नारळाचं पाणी रात्रभरात वाळतं, चिकट होतं. हे बोटाला बुळबुळीत लागत होतं आणि टायरच्या आतल्या बाजूने ओघळलं होतं. नारळ काही टायरच्या आतून फुटत नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघितली, तर पातळी खालच्या रेघेच्याही खाली. मला कळायचं ते कळलं.

ही गाडी लेक शाळेत होती तेव्हापासूनची. तिचे बेल्ट, बॅटरी, ब्रेकचे पॅड, सगळं मी माझ्या हातांनी बदललंय. गॅरेजवाल्याने काहीतरी सांगावं आणि मी मान डोलवावी, हे मला जमत नाही. आणि आता हीच गाडी घेऊन लेक रविवारी मिनियापोलिसला निघणार होती. पहिली नोकरी, एकटी, हायवेवरून.

"ही गाडी उद्या अशी जाणार नाही," मी जाहीर केलं.

लेक सामानाचा खोका घेऊन उभी होती. "आई, सीरियसली? काल तर मी ड्राइव्ह केली. इट वॉज फाइन!" मग खोका आपटून म्हणाली, "यू जस्ट डोन्ट वॉन्ट मी टू गो. आधी म्हणे अपार्टमेंटचा एरिया बरा नाही, मग स्नो, आता ब्रेक!"

माझं डोकंच फिरलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. "बस ड्रायव्हरच्या सीटवर," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा ब्रेक दाबायचा."

गाडी जॅकवर उचलली, स्टँड लावला, चाक काढलं. ब्रेकची चकती आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर, दोन्ही ओलेचिंब. सगळीकडे पसरलेल्या तेलावरून गळती कुठली ते कधीच कळत नाही. म्हणून आधी सगळं क्लीनर मारून कोरडं पुसून घेतलं आणि ओरडले, "दाब!"

रबरी नळी कोरडी. तिच्या जोडावरचा बोल्टही कोरडा.

"दाबून धर!"

कॅलिपरच्या पिस्टनभोवती जे रबर असतं, त्याच्या कडेतून एक थेंब फुगून आला. पाठोपाठ दुसरा. आतलं सील गेलं होतं.

तेवढ्यात लेकच म्हणाली, "आई, पेडल हळूहळू खाली जातंय."

मी तिला बाहेर बोलावलं आणि नारळवाल्या नवऱ्याला पेडलवर बसवलं. ती वाकून बघत राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! "ओके," ती म्हणाली. "दॅट्स बॅड."

मग वाद संपला आणि काम सुरू झालं. नवा कॅलिपर आणला. तेलात भिजलेले पॅड फेकून दोन्ही बाजूंना नवे घातले. नळीत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. ती दाबायची, मी स्क्रू सोडायचे, परत आवळायचे. "दाब", "धर", "सोड" यापलीकडे आम्ही काही बोललो नाही, पण गेल्या महिन्याभरात इतकं बरं आमचं कधी जमलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ऑफिसांचे पार्किंग लॉट ओस पडलेले असतात. तिथे मी एकटीच गाडी घेऊन गेले. आधी हळू, मग वेग वाढवून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. पेडल घट्ट. उतरून चाकामागे टॉर्च मारला, सगळं कोरडं. काम चोख झालं होतं आणि त्याचा मला रास्त अभिमान वाटला. तरी मी परत आत बसले, आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी गाडी मुकाट्याने थांबत होती. तेव्हा मला रडू आलं.

घरी येऊन चावी लेकीच्या हातात ठेवली.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतंय," मी म्हटलं. "पण गाडीत आता काहीही दोष नाही."