टेक्सासातलं गूळपाणी

इराचा फोन आला तेव्हा मी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात होते. समीरच्या या मुलीने मला त्याआधी कधी फोन केला नव्हता. "ही डिडन्ट वेक अप," एवढंच ती म्हणाली... त्या दिवशी समीरची बायपास होती. हॉस्पिटलात घरच्यांनी थांबायचं, आणि मी घरची नव्हते. याला आता महिना उलटून गेला.

समीर आणि मी नागपूरला एकाच कॉलनीत वाढलो. लायब्ररीतली काउबॉयची पुस्तकं वाचून तो कंपाउंडच्या भिंतीवर मांड ठोकायचा आणि मला शेरीफ करायचा, कारण भिंत एकालाच पुरायची. मग त्याच्या वडिलांची बदली झाली. पुढे भेट झाली ती थेट इथे परदेशात, लुकन गावच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. "काय करून राहिली बे तू इथे?" असं मागून कुणी म्हणालं आणि मी न वळताच ओळखलं. तो लिक्सलिपला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी ॲडम्सटाउनला एकटी, घटस्फोटित. मंडळातल्या बायकांना चघळायला विषय मिळाला.

शनिवारी तो माझ्याकडे येई आणि मटार सोलता सोलता स्वतः रचलेली गोष्ट सांगे. दीडशे वर्षांपूर्वीचं टेक्सास. लहानपणी गाव सोडून गेलेला जेक परत येतो, आणि त्याची बालमैत्रीण एलेन तिथे घोड्यांचा तबेला चालवत असते. बंदुका, खोगीर, सगळं त्याला तोंडपाठ, पण एलेनच्या दारी उन्हातून कुणीही आलं की ती आधी गूळपाणी पुढे करायची. मी दर वेळी भांडायचे, "टेक्सासात गूळ कुठला?"

"मग काय आल्या आल्या नाव विचारायचं? काही रीत आहे की नाही?"

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी गोष्ट ऐन पेचात आली. जेकला पकडायला निघालेले लोक टेकडीपलीकडे पोचलेले, तो एलेनच्या दारात उभा, तिच्या हातात बंदूक. ती त्याला आत घेणार की हाकलणार... आणि समीर थांबला. "पुढचं तू सांग," म्हणाला. त्याच्याबरोबर राहायला येशील का, हेच तो विचारत होता, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

"आणि इरा?" मी विचारलं. मी त्यांच्या घरी गेले की ती पोरगी उठून जिना चढायची.

"मी एलेनला विचारलंय."

"आधी ऑपरेशन होऊ दे." तो उठला आणि कोट माझ्याकडेच विसरून गेला. तो आठवडा मला झोप नव्हती. तो जाईल या भीतीने हो म्हणायचं नव्हतं, आणि इराच्या भीतीने नाही म्हणायचं नव्हतं. दोन्ही भीती बाजूला सारल्यावर उरलं ते एवढंच की मला तो हवा होता.

ऑपरेशनच्या सकाळी मीच फोन केला. "एलेन बंदूक खाली ठेवते," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि गूळपाणी आणते."

तो म्हणाला, "ग्रँड. वरच्या प्रेसमध्ये बघ." इथे 'छान, ठीक'ला ग्रँड म्हणतात आणि कपाटाला प्रेस. माझ्याच स्वयंपाकघरात स्टूलवर चढून पाहिलं, तर डब्यांच्या मागे गुळाची ढेप होती. गोष्ट अर्धी सोडण्याआधीच ठेवली असणार लबाडाने. मला त्याची फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात इरा त्याचा कोट न्यायला आली. पावसात भिजलेली, उंबऱ्याबाहेर उभी.

"आत ये."

"आय'म ग्रँड." ती हलली नाही. कोट हातात घेऊनही गेली नाही. मग खाली बघत म्हणाली, "ही टोल्ड मी द स्टोरी टू. इन द कार. सो व्हॉट डिड एलेन डू?"

मी आत गेले, स्टूलवर चढले, ढेपेचा खडा फोडला आणि बशीत ठेवून पाण्याच्या पेल्याबरोबर दारात घेऊन आले. ती कितीतरी वेळ बशीकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने बूट काढले.