मध लावलेलं पोर

पौषातलं धुकं अणशीच्या घाटातून खाली उतरलं ते अंगणातच बसून राहिलं. समोरचा माड दिसत नव्हता. गोठ्यातल्या म्हशीचा नुसता उसासा ऐकू येत होता. तुळजानं राखेखालचा विस्तव फुंकला, शेण कालवून पडवी सारवली, आणि मग हात घासघासून धुतले. शेणाचा हात पोराला लागता कामा नये. मधाची बाटली पदराखाली धरून ती रुक्मिणीच्या घराकडं निघाली.

आसपासच्या वाड्यांतलं एकही पोर तुळजाच्या मांडीवरून गेल्याशिवाय रांगलं नव्हतं. नवरा गेल्यावर भातशेतीचा तुकडा दिरानं ओढला. तिच्याकडं राहिलं ते हे न्हाऊ घालणं. थंडीत पोरांचे गाल उलायचे, गुडघे खरखरीत व्हायचे. तुळजा खोबरेलात थोडा रानातला मध आणि चिमूटभर हळद घोटायची, कातडीला चोपडायची, आणि ते मुरेपर्यंत पोराच्या मुठी आपल्या मुठीत धरून बसायची. मग कोमट पाण्यानं सगळं धुऊन काढायची. "मध कातडीला, जिभंला न्हाई. आन् धुऊन होईतो पोर भुईला टेकवायचं न्हाई." हा तिचा नेम. नव्या आयांना तो ती असा ऐकवायची, की त्यांना वाटावं आपल्याला पोर धरायचंही कळत नाही.

रुक्मिणीची सून सुमन खानापूरकडची. पहिलंच पोर, गुणा, अजून मानही नीट धरत नव्हता. तुळजानं त्याच्या गालाला मध लावला तशी सुमन भीत भीत म्हणाली, "मावशी, मधाला मुंग्या न्हाई लागत?"

"तुमच्या खानापुरात मुंग्यांना पाट मांडून वाढत असतील बाई! हितं माझा हात बघून वाट सोडतात."

रुक्मिणी तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. सुमन मान खाली घालून मागच्या न्हाणीत पाणी आणायला गेली.

तेवढ्यात रुक्मिणीचा धाकटा, लखू, रानातून आला. खांद्यावर डहाळी, डहाळीला पानं शिवून केलेलं तांबड्या मुंगळ्यांचं घरटं. पहाटेच्या गारठ्यात मुंगळे कसे लाकडासारखे ताठरलेले असतात, तेव्हाच ते काढायचं. "तुळजाव्वा, आईच्या खोकल्याला मुंगळ्यांची चटणी करायची. हे बघ, कसं लोंबतंय!" त्यानं डहाळी पडवीच्या कडेला टेकवली आणि घरटं टराटरा फाडायला लागला.

"आरं बैला! तसं फाडशील तर निम्मे पळतील. मिठाचं पाणी आण आदी!"

"मग तूच दाव की. चटणी तुझी, नाव तुझं."

तुळजाचे हात शिवशिवले. तिच्या चटणीची गोष्ट पार दिग्गी गावापर्यंत गेलेली. धुकं फाटून उन्हाचा एक तुकडा नुकताच पडवीत पडला होता. तिथं गोधडी होती. "एवढ्यात आले रं राजा," म्हणत तिनं गुणाला त्या उन्हात ठेवलं. त्याचे गाल मधानं चकाकत होते.

मडक्यात मिठाचं पाणी, पाण्यात अर्धं घरटं. रुक्मिणी वाहवा करत होती, तुळजा आपल्या आईची रीत सांगत होती, आणि सांगता सांगता बोलणं लांबलं. उरलेलं अर्धं घरटं पडवीच्या कडेला तसंच राहिलं. त्यालाही तेच ऊन लागत होतं.

गुणा रडला. भुकेचं रडणं नव्हतं ते.

सुमन धावत आली. हातातलं भांडं आपटलं, पाणी पडवीभर झालं. पोराच्या गळ्याच्या घडीत, कानामागं, पापणीवर मुंगळे चिकटलेले. तिनं ते बोटांनी ओढून काढले, बोटांना चावले तरी ओढत राहिली, आणि पोराला उचलून न्हाणीतल्या पाण्यात धरलं. तुळजा मडकं घेऊन उभीच. आणि तिच्या तोंडातून निघालं ते हे: "पोर उघड्यावर टाकून आई कुठं गेलती?"

रुक्मिणी लागलीच सुनेवर उलटली. "पाण्याला इतका येळ? म्हायेरी हेच शिकलीस?"

सुमननं ओल्या पोराला छातीशी धरलं आणि तुळजाकडं बघितलं. नुसतं बघितलं. तुळजा मडक्यात बघायला लागली.

सांजेपर्यंत वाडीत बोललं जात होतं ते सुमनच्या हयगयीचं. तुळजाला कुणी काही विचारलं नाही. उलट वाटेत एक बाई म्हणाली, "उद्या आमच्या पोरीला बघ गं. तुझ्या हातचं बरं." गुणाचा डावा डोळा सुजून मिटला होता. तो उघडलाच नाही तर? भाकरीचा घास तोंडातच फिरत राहिला.

सकाळी ती बाटली न घेता गेली. रुक्मिणी अंगणात मिरच्या पसरत होती, लखू लाकडं फोडत होता, सुमन पोराला मांडीवर घेऊन न्हाणीच्या दारात बसली होती. गुणाचा डोळा किलकिला उघडला होता. आतलं काळं बुबुळ दिसलं. तुळजा बसली नाही. उभ्यानंच, लखूलाही ऐकू जाईल असं म्हणाली, "रुकमे, सुनंला बोल लावू नको. पोर मीच खाली ठेवलं. मध धुतला नव्हता. चटणीच्या मोठेपणात इसरले."

रुक्मिणीच्या हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या. "आगं, पण काल तूच तर म्हणालीस..."

"व्हय. म्हणाले."

"आन् मी हिला दिसभर तोडून खाल्ली!"

लखूनं कुऱ्हाड खाली ठेवली. तुळजानं सवयीनं पोरासाठी हात पुढं केले. सुमननं गुणाला आपल्याकडं ओढून घेतलं. ते हात थोडा वेळ तसेच राहिले, मग पदराशी आले.

"पोर मी धरते," सुमन म्हणाली. वर न बघता. "तुम्ही पाणी वता. मध नको."

"न्हाई आणला."

हंड्यातलं पाणी अजून गारच होतं. तुळजा न्हाणीच्या चुलीशी उकिडवी बसली, ओलं लाकूड बाजूला काढलं, सुकं आत सारलं, आणि फुंकायला लागली.